प्रेमकथा आणि हक्कसोडपत्र

मोठ्या घरची मुलगी आणि त्याच घरात आश्रयाला आलेला पोरका मुलगा. जमीनदाराचा मुलगा आणि शेजारच्या बेताच्या घरातली मुलगी. राजा आणि कोळ्याची पोर. जीव ओवाळून टाकावा असं प्रेम, आणि मध्ये आडवी आलेली घरांची पत. जगातल्या कितीतरी गाजलेल्या प्रेमकथा एवढ्यावर उभ्या आहेत. आपण त्या वाचतो, हळहळतो आणि पुस्तक मिटताना दोनपैकी एक निष्कर्ष काढतो: त्यांच्या नशिबातच नव्हतं, नाहीतर समाज निष्ठुर होता. माझं म्हणणं असं आहे की हे दोन्ही निष्कर्ष आळशी आहेत. या कथा लिहिणाऱ्यांनी नशिबाला फार कमी जागा दिली आहे, आणि ‘समाज’ असं काहीतरी मोघम लिहून ते थांबलेले नाहीत. घर कोणाच्या नावावर आहे, जमीन पुढे कोणाकडे जाणार, मुलीच्या हातात स्वतःचं म्हणून काय आहे, हे त्यांनी पानोपानी नोंदवलं आहे. आमच्या नाशिक जिल्ह्यात बागेचं क्षेत्र आणि मुलीचं स्थळ एकाच बैठकीत बोललं जातं. इथे तरी या नोंदी आपल्या नजरेतून सुटायला नकोत.

‘वुदरिंग हाइट्स’पासून सुरुवात करते. उत्कट प्रेमाचं नाव निघालं की हीच कादंबरी पुढे केली जाते आणि सगळ्यात जास्त चुकीची वाचलीही हीच जाते. एमिली ब्राँटेची ही एकुलती एक कादंबरी १८४७ मध्ये आली. म्हातारा अर्नशॉ लिव्हरपूलच्या रस्त्यावर सापडलेलं एक अनाथ पोर घरी आणतो. तो आहे तोवर हे पोर, म्हणजे हीथक्लिफ, आणि त्याची मुलगी कॅथरीन बरोबरीने वाढतात, हुंदडतात, मार खातात. म्हातारा जातो. घर आणि शेत मुलाच्या, हिंडलीच्या, ताब्यात येतं. आणि मालक झाल्याबरोबर हिंडली काय करतो? हीथक्लिफची शिकवणी बंद करतो, त्याला नोकरांत ढकलतो आणि शेतावर राबायला लावतो. कॅथरीन आणि हीथक्लिफ यांच्यात जी पायरी पडली ती जन्माने आलेली नाही. वारसा मिळालेल्या एका माणसाने ती ठरवून, दिवसाढवळ्या पाडली. पुढे कुत्रा चावल्याचं निमित्त होऊन कॅथरीन पाच आठवडे लिंटनांच्या श्रीमंत घरी राहते आणि रेशमी कपडे घालून परत येते. तोवर इकडे हीथक्लिफला घरची मोलकरीण नेली सोडली तर कोणी अंघोळ करायलाही सांगितलेलं नसतं. ती हसते. हे हसू मला त्या कादंबरीतल्या कुठल्याही वादळापेक्षा भयंकर वाटतं.

मग तो स्वयंपाकघरातला प्रसंग. एडगर लिंटनने मागणी घातली आहे आणि कॅथरीन नेलीपाशी मन मोकळं करते आहे. हीथक्लिफशी लग्न करणं आता मला कमीपणाचं होईल, असं ती म्हणते. भिंतीलगतच्या बाकावर बसलेला हीथक्लिफ तेवढं ऐकतो आणि उठून निघून जातो. मी म्हणजेच हीथक्लिफ आहे, हे तिचं पुढचं बोलणं त्याच्या कानावर पडत नाही. इथवर सगळ्यांना पाठ असतं. पण याच संभाषणात ती आणखी एक गोष्ट बोलते, आणि ती सांगताना सहसा गाळली जाते. आम्ही दोघांनी लग्न केलं तर आमच्यावर भीक मागायची वेळ येईल, असं ती म्हणते. एडगरशी केलं तर हीथक्लिफला वर काढता येईल, भावाच्या तावडीतून सोडवता येईल. हे बोलणारी मुलगी चंचल म्हणून सोडून देण्यासारखी नाही. तिने आपल्याजवळ काय आहे याची मोजदाद केली आहे. बापाचं घर भावाचं झालं. तिच्या नावावर एक खोलीसुद्धा नाही. तिला जे मिळेल ते नवऱ्याकडूनच मिळणार, आणि आपल्या प्रियकराला माणसात आणण्यासाठी दुसऱ्याशी लग्न करायचा वेडा बेत तिला त्यातूनच सुचतो.

हीथक्लिफ तीन वर्षांनी परततो तो पैसेवाला होऊन. आता त्याचा सूड पाहा. तो कोणावर तलवार चालवत नाही. जुगारात बुडालेल्या हिंडलीची मालमत्ता तो गहाण ठेवून घेतो आणि हिंडली मेल्यावर वुदरिंग हाइट्सचा, म्हणजे त्या घराचा आणि शेताचा, धनी होतो. कॅथरीनची मुलगी, तिचं नावही कॅथीच, हिचं लग्न तो आपल्या मरणपंथाला लागलेल्या मुलाशी जबरदस्तीने लावतो. त्या काळच्या कायद्याने बायकोची जंगम मालमत्ता नवऱ्याची होत असे. मुलगा ती मृत्युपत्राने बापाला देऊन टाकतो, आणि लिंटनांच्या जमिनीवरही हीथक्लिफ ताबा बसवतो. गहाणखत, जबरदस्तीचं लग्न, मृत्युपत्र. १९२६ मध्ये सी. पी. सँगर या कायदेपंडिताने या कादंबरीतल्या तारखा आणि वारसाहक्काची गुंतागुंत तपासून दाखवलं की एमिलीने त्या काळचा मालमत्तेचा कायदा किती काटेकोरपणे पाळला आहे. यॉर्कशायरच्या माळावर पाद्र्याच्या घरात राहणाऱ्या त्या मुलीला प्रेमाचं वादळ लिहायचं होतं, म्हणून तिने इस्टेटीचे नियम इतके बारकाईने समजून घेतले. प्रेम आणि इस्टेट या गोष्टी तिच्या लेखी वेगळ्या नव्हत्या.

हे सगळं येतं कादंबरीच्या उत्तरार्धात, आणि १९३९ च्या प्रसिद्ध हॉलिवूड चित्रपटाने नेमका तोच टाकून दिला. पुढची पिढी त्यात नाहीच. त्यामुळे पुस्तक न वाचलेल्यांच्या मनात ठसतं ते माळरान, वारा आणि तळमळणारे दोन जीव. प्रत्यक्षात एमिलीने या प्रश्नाचं उत्तरही लिहून ठेवलं आहे. हीथक्लिफ हिंडलीच्या मुलाला, हेअरटनला, अगदी तसंच वागवतो जसं हिंडलीने त्याला वागवलं होतं: अक्षरओळख नाही, फक्त राबणं. कॅथी आधी या अडाणी पोराची टर उडवते, मग ओशाळते, आणि एके दिवशी एक पुस्तक नीट कागदात बांधून त्याला भेट देते. सोबत निरोप: घेतलंस तर वाचायला मी शिकवीन. तिथून त्यांचं जुळतं. कादंबरी संपते तेव्हा दोघांचं लग्न ठरलेलं आहे आणि हिरावलेली मालमत्ता त्यांच्याकडे परत आलेली आहे. माझ्या मते त्या अमर शोकांतिकेइतकंच हे जुळणंही मोठं आहे. आपण त्याचे गोडवे गात नाही, एवढंच.

मी हे वर्गात शिकवते. तृतीय वर्षाच्या वर्गात एकदा कॅथरीनच्या निर्णयावर चर्चा चालली होती. मुलं नेहमीप्रमाणे दोन गटांत वाटली गेली होती: ती स्वार्थी, ती बिचारी. निफाडकडून एसटीने येणारी, एरवी तोंड न उघडणारी एक मुलगी म्हणाली, “मॅडम, भावाने तिला वाटा दिला असता तर तिने एडगरला हो म्हटलं असतं का?” पुढच्या बाकावरून लगेच उत्तर आलं की तेव्हा तिकडे मुलींना वाटा नसायचा. ती म्हणाली, “इकडे आहे ना. माझ्या तिन्ही आत्यांनी सह्या करून दिल्या.” एवढं बोलून ती वहीत लिहायला लागली. मी इतकी वर्षं या कादंबरीवर टीका-समीक्षा वाचते आहे, पण प्रश्नाच्या मुळाशी इतक्या सरळ कोणी गेल्याचं मला आठवत नाही.

तिच्या प्रश्नाची चावी घेऊन बाकीच्या कपाटांकडे वळलं की ती भराभर उघडतात. जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये (१८१३) बेनेटांच्या पाच मुली आहेत आणि वडिलांची इस्टेट मुलगा नाही म्हणून दूरच्या नातेवाइकाकडे जाणार आहे. त्यांची मैत्रीण शार्लट सत्ताविसाव्या वर्षी त्याच कंटाळवाण्या नातेवाइकाशी लग्न करते, कारण तिला हक्काचं घर हवंय; आणि ऑस्टिन तिला खलनायिका करत नाही. ‘पर्स्वेशन’मध्ये ॲन एकोणिसाव्या वर्षी प्रेमात पडते, पण मुलगा नौदलात, हातात पैसा नाही, म्हणून वडीलधाऱ्यांच्या सांगण्यावरून नकार देते. आठ वर्षांनी तोच वेंटवर्थ पंचवीस हजार पौंडांचा धनी होऊन येतो आणि मग कोणाची हरकत उरत नाही. शार्लट ब्राँटेची जेन एअर आधी काकाचा वारसा मिळवते आणि मग रॉचेस्टरकडे परत जाते. वीस हजार पौंडांतला आपला वाटा पाच हजारांचाच ठेवून बाकीचे ती आपल्या तीन नातलगांना देते, पण तो पाच हजारांचा वाटा ती सोडत नाही. मी आता माझी मुखत्यार आहे, असं ती त्याला सांगते आणि मगच त्याची होते. जिथे प्रेम तडीस गेलं तिथे बाईच्या पायाखाली काहीतरी होतं, नाहीतर पुरुषाच्या खिशात काहीतरी आलं होतं. याला मला अपवाद फार थोडे दिसतात.

शरच्चंद्रांचा ‘देवदास’ (१९१७) याच्या उलट बाजूने वाचावा. तिथे पैसा मुलाच्या घरी आहे. पारोच्या घराण्यात मुलीचे पैसे घ्यायची रीत, म्हणजे ते घर खालच्या पायरीवरचं, वर अगदी शेजारी. देवदासचे वडील, जमीनदार मुखर्जी, नाही म्हणतात. पारो लाजलज्जा बाजूला ठेवून रात्री एकटी देवदासच्या खोलीत जाते आणि त्याला पहिली काळजी पडते ती कोणी पाहिलं तर काय, याची. ज्याच्याकडे घर, शिक्षण, कलकत्त्याची वाट सगळं होतं तो कच खातो आणि जिच्याकडे काही नव्हतं ती पाऊल टाकते. आपण मात्र गाणी रचली ती त्याच्या दारूवर. ज्याला गमावण्यासारखं काही आहे त्याचा भित्रेपणा आपण विरह म्हणून मिरवतो, हे मला फार लागतं.

आणि राजा-कोळ्याच्या पोरीची गोष्ट तर आपल्या घरचीच. महाभारतातल्या शंतनू आणि सत्यवतीच्या कथेवर वसंत कानेटकरांनी १९६४ मध्ये ‘मत्स्यगंधा’ लिहिलं. ते नाशिककर, इथल्या एचपीटी महाविद्यालयात त्यांनी वर्षानुवर्षं शिकवलं. नाटकातली गाणी आजही इथल्या मैफलींत होतात आणि आपण ते सत्यवतीच्या दुखावलेल्या मनाचं नाटक म्हणून ऐकतो, तसं ते आहेच. मला मात्र मूळ कथेतल्या तिच्या बापाबद्दल, दाशराजाबद्दल, बोलायचंय. राजा दारात उभा आहे, पोरीवर भुलला आहे. दुसरा कोणी असता तर आभाळ ठेंगणं झालं असतं. दाशराज अट घालतो: माझ्या मुलीचा मुलगा गादीवर बसेल. त्याच्या या अटीपायी देवव्रताला भीष्म व्हावं लागतं आणि पुढे सगळा अनर्थ होतो, म्हणून शतकानुशतकं त्याला लोभी ठरवलं गेलं. मला तो परंपरेतला सगळ्यात जागरूक बाप वाटतो. राजाचं मन आज आहे, उद्या दुसरीकडे जाईल, हे त्याला माहीत होतं. परक्या, वरचढ घरात जाणाऱ्या मुलीला प्रेमाच्या शपथेपेक्षा वारशाची शाश्वती लागते, हे त्याने भर दारात राजाला सुनावलं. त्यात त्याने मुलीचं मन विचारलं का, हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याबाबतीत तो इतर बापांसारखाच आहे. पण मुलगी देताना काही मागून घेणारा तो होता. आपण मुलगी देतो आणि पुढे दोन वर्षांनी तिच्याकडूनच काहीतरी लिहून घेतो.

ते लिहून घेणं जवळून बघण्यासारखं आहे. तालुक्याच्या ठिकाणी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयाबाहेर, लग्नसराई सरली की किंवा दिवाळीच्या आगेमागे, एक दृश्य नेहमी दिसतं. भावाच्या गाडीतून दोन-तीन बहिणी उतरतात, ठेवणीतल्या साड्या, एखादीच्या कडेवर मूल. वकिलाचा माणूस हक्कसोडपत्राचा कागद पुढे सरकवतो. त्यात लिहिलेलं असतं की वडिलोपार्जित मिळकतीतला हिस्सा आम्ही राजीखुशीने, कोणताही मोबदला न घेता भावाच्या लाभात सोडत आहोत. कॅमेऱ्यासमोर फोटो, यंत्रावर अंगठा, ओळख पटवणाऱ्यांच्या सह्या. वाचून कोणी दाखवत नाही आणि बहिणीही विचारत नाहीत. मग सगळे हॉटेलात जेवतात, आणि संध्याकाळी साडी देऊन बोळवण होते. तलाठ्याकडे फेरफार पडतो, सातबाऱ्यावरून त्यांची नावं कमी होतात. समृद्धी महामार्ग इगतपुरी आणि सिन्नर तालुक्यांतून गेला तेव्हा जमिनीचा पैसा घरोघर आला. शहराकडे आडगाव, पाथर्डी फाट्याच्या बाजूला शेतांचे प्लॉट झाले. निफाड-दिंडोरीच्या बागायती जमिनीचं मोल तर वेगळं सांगायला नको. जमीन जितकी महाग, तितकी या सह्यांची घाई जास्त.

कायदा काय म्हणतो ते इथल्या बहुतेक सुशिक्षितांना ठाऊक आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला, देशाने २००५ मध्ये दिला, आणि हा हक्क वडील २००५ मध्ये हयात होते की नाही यावर अवलंबून नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. त्याच्या कितीतरी आधी बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलात लग्नाला जातीचा अडसर नको आणि मुलीला बापाच्या मिळकतीत वाटा हवा, या दोन्ही गोष्टी एकत्र आणल्या होत्या. त्यांनी १९३६ मध्ये जातिनिर्मूलनावर लिहिताना आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय म्हटलं होतं, हे आपण सांगतो. काळाराम मंदिराच्या १९३० च्या सत्याग्रहाचा आणि १९३५ च्या येवल्याच्या घोषणेचा हा जिल्हा असल्याचा अभिमानही बाळगतो. पण ते बिल रखडलं आणि १९५१ मध्ये त्यांनी कायदेमंत्रिपद सोडलं, त्या बिलात वाटा आणि वरणं ही एकाच घराची दोन दारं होती, हे मात्र आपण विसरतो. वाट्याची सही देऊन टाकलेल्या मुलीने निवड स्वतःची करावी, ही अपेक्षा तिच्यावर अन्याय करणारी आहे.

यावर दोन आक्षेप मला नेहमी ऐकायला मिळतात आणि दोन्ही खोटे नाहीत. पहिला असा की वाटा मागितला तर माहेर तुटतं. खरंच तुटतं. सासरी मार पडला, नवरा गेला, दवाखाना निघाला तर बाईला परत यायला तेवढं एकच दार असतं, आणि ते दार उघडं राहावं म्हणून ती सही करते. हे तिचं अज्ञान नाही, तिने केलेला सौदा आहे. माझं म्हणणं त्याच्याच आधाराने पुढे जातं: ज्या घराचं दार भावाच्या मर्जीवर उघडतं, त्या घरातल्या मुलीने भावाच्या मर्जीबाहेरचा मुलगा कसा निवडायचा? माहेरची ऊब आणि मनाजोगतं माणूस यांतलं एकच निवडायची वेळ तिच्यावर आपण आणतो. एमिलीने कॅथरीनवर आणलेली वेळ हीच.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. ज्यांच्याकडे वाटण्यासारखं काहीच नाही त्यांचं काय? आमच्याच शहरात २०१३ मध्ये एका बापाने दिवस भरत आलेल्या आपल्या मुलीला रिक्षातून नेऊन गळा आवळून मारलं. तिने जातीबाहेर लग्न केलं होतं. ते घर भटक्या जमातीतलं आणि गरीब. तिथे ना बाग होती ना प्लॉट. खालच्या न्यायालयांनी दिलेली फाशी बदलून सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये वीस वर्षांची सक्तमजुरी केली. या खुनाचं स्पष्टीकरण सातबाऱ्यात सापडणार नाही, हे मी मान्य करते. पण जमीन नसलेल्या माणसाची सगळी मिळकत त्याची जमातच असते. काम तिच्यातून मिळतं, कर्ज तिच्यातून, खांदा द्यायला तीच. जातपंचायतीने वाळीत टाकलं की यातलं काही उरत नाही. नाशिकमधून जातपंचायतींविरुद्धची मोहीम त्या खुनाच्याच वर्षी, २०१३ मध्ये, उभी राहिली आणि महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ मध्ये कायदा केला, त्यामागे ही समज होती: माणसाला जमातीबाहेरही जगता आलं पाहिजे, तरच त्याच्या मुलीला जमातीबाहेर प्रेम करता येईल.

आणि तळाच्या माणसाला मिळकत मिळूच शकत नाही असंही नाही. पेठ-सुरगाण्याचे आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या खाली निफाड-दिंडोरीच्या बागांत मजुरीला येतात. छाटणी, विरळणी, माल काढणी, मुक्काम बागेतल्या पत्र्याच्या शेडमध्ये. त्या शेडमधली मुलगी आणि बंगल्यातला मुलगा एकाच वयाचे असतात, दिवसभर एकाच बागेत असतात, आणि त्यांच्यात जे काही घडतं त्याची किंमत तिने एकटीने मोजायची असते. टॉलस्टॉयच्या ‘रिझरेक्शन’मधला उमराव नेख्ल्यूदोव्ह आश्रित कात्यूशाच्या हातात शंभर रूबलची नोट कोंबून निघून जातो, तसल्या नोटा आपल्याकडेही आहेत. मार्च २०१८ मध्ये हेच आदिवासी शेतकरी नाशिकहून मुंबईपर्यंत चालत गेले, पाय सोलवटून घेऊन, वनजमिनीचे पट्टे नावावर व्हावेत म्हणून. २००६ च्या वनहक्क कायद्याने पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावावर होतो. ज्या मुलीच्या आईचं नाव पट्ट्यावर आहे ती बागेत आली तरी मुकादमाशी आणि मालकाच्या मुलाशी वेगळ्या आवाजात बोलते. हे मी पाहिलेलं आहे.

नोकरीचंही तसंच. सातपूर-अंबडच्या कंपन्यांत कंत्राटावर लागलेल्या मुली दर महिन्याला पगार घेतात, पण तो कोणाच्या खात्यावर जमा होतो आणि एटीएमचं कार्ड कोणाच्या खिशात असतं, हे विचारल्याशिवाय त्या स्वतंत्र झाल्या असं म्हणू नये. ‘सैराट’ सगळ्यांनी पाहिला. शेवट आठवून अंगावर काटा येतो हेही सगळे सांगतात. त्या चित्रपटातला मला सर्वांत मोलाचा वाटलेला भाग हैदराबादचा आहे, जिथे एक परकी बाई या दोन पोरांना झोपडपट्टीत खोली देते, कामाला लावते, आणि पाटलाची मुलगी बाटल्यांच्या कारखान्यात राबून संसार मांडायला शिकते. तो मधला भाग, तो टिकलेला संसार, आपण का बोलत नाही? मेलेल्या प्रेमिकांना आपण डोक्यावर घेतो, कारण ते आपल्याकडे काही मागत नाहीत. जगलेले मागतात: खोली, भाडेकरार, रेशनकार्ड, मुलाच्या शाळेचा दाखला.

म्हणून साहित्य शिकवणाऱ्यांनी आणि वाचनालयांत पुस्तकांवर बोलणाऱ्यांनी या कथा त्यांच्या कागदपत्रांसकट वाचाव्यात, असा माझा आग्रह आहे. १८४० पासून चालत आलेलं सार्वजनिक वाचनालय ज्या शहरात आहे, गोदाकाठच्या वसंत व्याख्यानमालेला माणसं रात्री उशिरापर्यंत बसून राहतात, त्या शहरात हे अवघड नाही. कॅथरीनच्या तळमळीसोबत हिंडलीची मालकी शिकवावी, देवदासच्या विरहासोबत पारोचं धाडस, आणि हेअरटनचं अक्षर गिरवणं तर आवर्जून. यातून प्रेमाची उत्कटता कमी होते असं मला कधी जाणवलेलं नाही. उलट, एवढं सगळं विरोधात असताना ती मुलगी स्वयंपाकघरात उभी राहून मी म्हणजेच तो असं म्हणाली, हे कळल्यावर ते वाक्य जास्त खोल जातं.

घराघरांतल्या वडिलांना सांगायचं तर एवढंच: हयात असतानाच मुलींच्या हिश्श्याची व्यवस्था करून ठेवा, आणि हक्कसोडपत्राचा मसुदा घरात आला तर तो मुलींना आधी वाचायला द्या, वकील त्यांचा त्यांना निवडू द्या. भावांनीही समजून घ्यावं की वाटा घेतलेली बहीण राखी बांधायची थांबत नाही; तिच्याशी बोलणं आपण थांबवतो.

आणि हे सगळं व्हायला वेळ लागेल, तोवर जी मुलं-मुली आज घरातून निघाली आहेत त्यांच्यासाठी आजच्या रात्रीची सोय हवी. आंतरजातीय लग्न केलेल्या जोडप्यांना राज्य सरकार ५०,००० रुपये देतं, पण ते लग्नानंतर, अर्ज आणि दाखले जोडल्यावर. आणि एकाच जातीतल्या गरीब-श्रीमंत जोडप्याला तर त्या योजनेत जागाच नाही. धोका मात्र दोघांनाही पहिल्या आठवड्यात असतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये शक्ती वाहिनी या संस्थेच्या याचिकेवर निकाल देताना अशा जोडप्यांसाठी जिल्ह्यात विशेष कक्ष आणि चोवीस तासांची हेल्पलाइन असावी असं सांगितलं, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी सुरक्षित निवास उभारण्याचा विचार राज्यांनी करावा असंही. प्रेम दोन सज्ञान माणसांचं असेल तर जात निराळी आहे की फक्त पत निराळी आहे, हे विचारत न बसता त्यांना आत घेतलं पाहिजे. नाशिकमध्ये त्या कक्षाचा नंबर कोणता, रात्री अकरा वाजता फोन केला तर कोण उचलतं, हे प्रत्येक महाविद्यालयाच्या सूचना फलकावर, परीक्षेच्या वेळापत्रकाशेजारी, लावलेलं असलं पाहिजे, आणि ते लावून घेण्याची जबाबदारी आम्हा शिक्षकांची आहे.